क्लबचा सेक्रेटरी उद्या म्हणाला ‘मी गे आहे’, तर आपण काय करू?

पिच_रिपोर्ट
नमस्कार मंडळी. रविवारी मॅच संपल्यावर आम्ही दहा-बारा जण किट बॅगांवरच बसून चहा पीत होतो आणि कसा कुणास ठाऊक रिक वेल्ट्सचा विषय निघाला. आपल्यात बास्केटबॉल बघणारे कमी, म्हणून आधी थोडं सांगतो. हा माणूस खेळाडू नव्हे, ऑफिसातला. सिएटलच्या टीमकडं पोरवयात बॉलबॉय म्हणून लागला, तिथून चढत चढत एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, मुख्य ऑफिसात गेला. १९८४ ला डेन्व्हरला पहिला ऑल-स्टार वीकेंड झाला, ती कल्पना याची. पुढं फिनिक्स सन्सचा प्रेसिडेंट झाला आणि मे २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधून जगाला सांगितलं की मी गे आहे. वय तेव्हा ५८. नंतर २०२५ ला परत डल्लासच्या टीमचा सीईओ झाला.

तर आमच्यातला एक जण हसला. दुसरा म्हणाला, असेल बाबा, खरं हे पेपरात सांगायची गरज काय? तिसरा म्हणाला, अमेरिकेत चालतं सगळं, आपल्याकडं नको. मी काहीच बोललो नाही. घरी आल्यावर रात्री झोप लागेना. म्हणून विचारतो, आणि खरं खरं सांगा: आपल्या बेळगावात एखाद्या क्लबचा सेक्रेटरी, वर्गणी गोळा करणारा, ग्राउंड बुक करणारा, पोरांना सकाळी सहाला उठवून नेटवर आणणारा, उद्या असं म्हणाला तर आपण काय करू?

अनगोळ_नाका
वर्गणी वेळेवर मागणार नसेल तर मी त्याला आजन्म सेक्रेटरी करायला तयार आहे.

शहापूरचे_आजोबा
माझं वय ७१. मला तुमचा दुसरा मित्र बरोबर वाटतो. आमच्या काळात नवरा-बायकोसुद्धा चारचौघात हात धरत नव्हते. कुणाच्या खोलीत काय चालतं ते खोलीत राहावं. मी कुणाला वाईट म्हणत नाही, खरं दवंडी कशाला?

खानापूरची_पोर
आजोबा, राग मानू नका, खरं तुमच्या लग्नाची पत्रिका छापली होती ना? मंडप, बँड, अख्ख्या गल्लीला जेवण. ती दवंडीच की वो. आम्ही सगळेच सांगत असतो, आमच्या मिसेस, आमचे हे, जावई आलेत, सून बाळंत झाली. फक्त त्याला एकट्याला म्हणायचं की तू गप्प बस.

शहापूरचे_आजोबा
पोरी, हा मुद्दा मी विचारात घेतो. लगेच पटला असं नाही.

कॅम्पातला
वेल्ट्सच्या त्या मुलाखतीत एक गोष्ट आहे ती इथं कुणी लिहिली नाही. त्याचा जोडीदार १९९४ ला एड्सच्या आजारपणात गेला. कितीतरी वर्षांचा संसार. आणि या माणसानं ऑफिसातून सुट्टी घेतली एक-दोन दिवसांची, लोकांना सांगितलं गेलं की सिएटलचा एक चांगला मित्र वारला. बस. परत कामावर. जोडीदाराच्या नावानं युनिव्हर्सिटीत स्कॉलरशिप ठेवली होती, तिला एनबीएचे कमिशनर डेव्हिड स्टर्न आणि त्यांच्या बायकोनं दहा हजार डॉलरचा चेक पाठवला. म्हणजे साहेबांना कळलेलं होतं, खरं याच्याशी त्यावर उघड कधी बोलणं झालं नव्हतं. बघा, मालक चांगला, पगार चांगला, सगळं चांगलं, तरी रडायला जागा नाही. मला वाटतं ‘सांगायची गरज काय’ याचं उत्तर तिथं आहे.

निपाणी_नाका
+१. डोळ्यात पाणी आलं वाचून.

अथणी_एक्स्प्रेस
मी विरोधी बोलतो, शिव्या घालू नका. माझा पोरगा तेरा वर्षांचा, कबड्डी खेळतो, स्पर्धेला गेला की तीन-तीन दिवस बाहेर राहतो. प्रशिक्षक असा आहे म्हणून कळलं तर मी पाठवणार नाही. बापाच्या काळजातली भीती आहे, द्वेष नाही.

डॉक्टरीणबाई
अथणी दादा, भीती समजते, मलाही दोन पोरं आहेत. खरं तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या. मोठ्या माणसाला दुसरा मोठा माणूस आवडणं ही एक गोष्ट. लहान पोरावर हात टाकणं हा गुन्हा, त्याला २०१२ चा पोक्सो कायदा आहे, आणि तो गुन्हा करणारे बायकापोरं असलेले, गावात मान असलेले पुरुषही असतात, माझ्या दवाखान्यात येणाऱ्या आया सांगतात ते ऐकलं तर रात्रीची झोप उडेल. पोराची काळजी असेल तर एकच करा. कुठलाही प्रशिक्षक असो, मुक्कामाला बरोबर दोन पालक जाऊ द्या, पोर एकटं कुणाच्या खोलीत राहणार नाही असा नियम करा, आणि पोराला सांगा की काही झालं तर मला सांग, मी तुला मारणार नाही. हे नियम सगळ्यांना सारखे.

आणि हा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० लाच यादीतून काढलं. आपल्या देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१८ ला स्पष्ट सांगितलं. ‘बरं करून देतो’ म्हणणारा डॉक्टर भेटला तर तो नियम मोडतोय, २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या लेखी ते गैरवर्तन आहे. हे मुद्दाम लिहिते कारण गेल्याच वर्षी एक आई पोराला घेऊन आली होती, एका ठिकाणी गोळ्या आणि इंजेक्शनांना पंधरा हजार भरून झाले होते. पोरगं मान वर करून बघेना. मी त्याला एवढंच विचारलं, जेवलास काय? तेव्हा रडला.

अथणी_एक्स्प्रेस
दोन पालकांचा नियम पटला. बाकीचं पचायला वेळ लागेल, खरं नाही म्हणत नाही.

पिच_रिपोर्ट
ताई, ‘जेवलास काय’ हे लिहून ठेवतो.

सौंदत्ती_रोड
आपल्या जिल्ह्यात यल्लम्माचा डोंगर आहे आणि आपण म्हणतो हे अमेरिकेतून आलं? पौर्णिमेला डोंगरावर जाऊन बघा. साडी नेसलेले, भंडारा माखलेले, चौंडकं वाजवणारे जोगप्पा कधीपासून आहेत. आमची आजी दारात जोगप्पा आला की परडीत तांदूळ घातल्याशिवाय पाठवत नसे, पाया पडायची. त्यातल्याच, बल्लारीकडच्या मंजम्मा जोगती कर्नाटक जनपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या, २०२१ ला राष्ट्रपती भवनात पद्मश्री घेताना त्यांनी पदरानं राष्ट्रपतींची दृष्ट काढली ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. टाळ्या आपण पण वाजवल्या.

खानापूरची_पोर
दादा, ती गोष्ट वेगळी ही गोष्ट वेगळी ना? जोगप्पा म्हणजे बाईच्या रूपात जगणारे, वेल्ट्स कोट-टाय घालणारा पुरुष, त्याला पुरुष आवडतो एवढंच. दोन्ही एका पोत्यात घालायला नको. आणि पाया पडतो खरे, खरं घर भाड्यानं देतो काय जोगप्पांना?

सौंदत्ती_रोड
वेगळं आहे, मान्य. आणि घराचं विचारलंस ते लागलं. देत नाही. देवीचं म्हणून दारात चालतं, भाडेकरू म्हणून चालत नाही.

सीमेवरचा
मला या धाग्यावर एक वेगळंच जाणवतं. आपण सीमाभागातली माणसं. १९५६ पासून सांगत आलोय की आम्ही कोण ते आम्हाला म्हणू द्या. घरात मराठी, ऑफिसात फॉर्म कन्नडमध्ये, दुकानाच्या पाटीवरनं भांडण, एक नोव्हेंबर आला की काळ्या फिती. आत एक आणि बाहेर एक जगण्याचा त्रास आपल्याइतका कुणाला कळणार? मग ज्याला आतलं बाहेर बोलता येत नाही त्याच्याबद्दल आपल्यालाच जास्त माया पाहिजे.

कॅम्पातला
भावना चांगली आहे मर्दा, खरं तुलना पूर्ण बसत नाही. आपण निदान घरात तरी आपल्या भाषेत रडतो. काळी फीत बांधायला आई हात पुढं करून देते. याला आईसमोरच गप्प बसावं लागतं. मोर्च्याला शंभर जण बरोबर असतात, हा आपल्याच ताटावर बसून एकटा.

सीमेवरचा
बरोबर बोललास. माझं वाक्य मागं घेत नाही, खरं तुझं वरचं.

हुक्केरीचा_बसव
ಕನ್ನಡ नको म्हणाल म्हणून मराठीतच लिहितो :) आमच्या घरी कन्नड, शिकलो मराठी शाळेत. या विषयात तरी मराठी-कन्नड भांडण नाही, दोन्ही घरात सारखीच शांतता असते बघा.

निपाणी_नाका
हा हा, बसवण्णा, यावर तरी सीमातोडगा निघाला म्हणायचा.

रिंगरोड_रायडर
कायद्याचं कुणीतरी नीट सांगा, आमच्यात अजून लोक म्हणतात पोलीस पकडतात.

कॅम्पातला
थोडक्यात. असल्या संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम इंग्रजांचं, १८६० चं. २००९ ला दिल्ली हायकोर्टानं मोठ्या माणसांच्या खासगी संबंधांपुरतं ते काढलं, डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं परत आणलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी ठरवलं की राजीखुशीच्या संबंधांना गुन्हा म्हणता येणार नाही. पोलीस पकडू शकत नाहीत. लग्नाचं मात्र १७ ऑक्टोबर २०२३ ला कोर्टानं नाही म्हटलं, ते संसदेचं काम म्हणून सोडलं. म्हणजे राहू शकता, नातं कागदावर नाही. हॉस्पिटलात सही कोण करणार, हा प्रश्न तिथंच.

बॅकफूट
खेळाडूंचं पण बघा. इंग्लंडचा विकेटकीपर स्टीव्हन डेव्हिस, फेब्रुवारी २०११, वेल्ट्सच्या तीन महिने आधी. जेसन कॉलिन्स २०१३ ला, एनबीएत खेळत असताना सांगणारा पहिला, ९८ नंबरची जर्सी घालायचा कारण १९९८ ला मॅथ्यू शेपर्ड नावाच्या पोराला गे म्हणून मारून टाकलं होतं. आणि आपली द्युती चंद. २०१८ च्या एशियाडला शंभर आणि दोनशे मीटरला रौप्य, २०१९ ला सांगितलं, तेव्हा घरातलेच विरोधात उभे राहिले. ओडिशातल्या विणकराची पोरगी. आपल्या वडगाव-शहापूरच्या विणकरांनी विचार करा, ती अमेरिकेची नव्हे.

अनगोळ_नाका
मगाशी वर्गणीवर हसून सोडलं. आता लिहितो. आमच्या टीममध्ये आम्ही एकमेकाला कॅच सुटला की जी शिवी देतो ती हीच. दिवसात वीस वेळा. कुणाला उद्देशून नसते असं आम्ही म्हणतो. खरं अकरात एक जण तसा असेल तर तो वीस वेळा ऐकतोय, आणि आमच्याबरोबर हसतोय पण. एप्रिल २०११ मध्ये एनबीएचा मोठा खेळाडू कोबी ब्रायंटनं रेफरीला असलीच शिवी दिली म्हणून एनबीएनं त्याला एक लाख डॉलर दंड केला. लाख डॉलर! आम्ही निदान दहा रुपये डब्यात टाकायला काय हरकत आहे? येत्या रविवारपासून करतो.

बॅकफूट
पहिल्याच रविवारी नवीन मॅट येईल त्या पैशात.

वडगाव_बाजू
आपल्याच इथल्या एका फुटबॉल प्रशिक्षकाबद्दल मी पण ऐकलंय, नाव सांगू काय, तो
*[पुढचा मजकूर काढला – संपादक]*

संपादक
इथं कुणाचंही नाव, गाव, क्लब, इशारा, काही चालणार नाही. ज्याचं त्यानं सांगायचं असतं. दुसऱ्यानं सांगितलं की ती चुगली होते आणि त्यात माणसाची नोकरी जाते, घर जातं. परत झालं तर आयडी बंद.

वडगाव_बाजू
चुकलं. वाईट हेतू नव्हता. माफ करा.

मामाची_भाची
पाच वर्षं फक्त वाचत आले, आज पहिल्यांदा लिहिते. मामांना विचारूनच लिहिते, काही खुणा बदलल्यात.

माझे मामा आयुष्यभर क्रिकेटचे. खेळले थोडं, बाकी सगळं बाहेरून. मंडळाचा हिशेब, टुर्नामेंटचे ड्रॉ, आणि मुख्य म्हणजे स्कोअरिंग. लग्न केलं नाही. आम्हाला एवढंच माहीत की शनिवारी संध्याकाळी मामा धारवाडच्या बसला बसतात आणि सोमवारी सकाळी पेढ्याचा पुडा घेऊन येतात. तिथं त्यांचे एक मित्र होते, शिक्षक. मित्र दिवाळीला आमच्याकडं यायचे, आजीच्या हातची करंजी खायचे, आम्हाला इंग्रजी शिकवायचे. वीस-एक वर्षं असं चाललं. कुणी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही.

२००४ च्या थंडीत मित्र गेले, हार्ट अटॅकनं. त्यांच्या भावांनी सगळं उरकलं, मामांना निरोपच दुसऱ्या दिवशी मिळाला. मामा गेले आणि संध्याकाळच्या बसनं परत आले. हातात पेढे नाहीत. मी तेव्हा अकरा वर्षांची, मी दारातच ओरडले, मामा पेढे? ते म्हणाले दुकान बंद होतं. दुसऱ्या दिवशी टुर्नामेंटची सेमीफायनल होती, ते स्कोअरिंगला गेले.

आमच्यात कुणी गेलं की शेजारी कडू घास घेऊन येतात, पिठलं-भात. तिसऱ्या दिवशी राख सावडतात, बाराव्याला लोक येतात, कुणी पाठीवर हात ठेवतं. मामांना यातलं काही नाही. सुतक नाही, कारण नातं नाही. आजीनं त्या रात्री विचारलं, काय रे, तोंड का उतरलंय? ते म्हणाले, ऊन लागलं. डिसेंबरात.

हे सगळं मला खूप नंतर कळलं. २०१८ चा निकाल लागला त्या संध्याकाळी मामांनी मला बोलावलं आणि कपाटातून जुनी स्कोअरबुकं काढली. त्यांची स्कोअरबुकं म्हणजे छापल्यासारखी, पेन्सिलीनं, ठिपका म्हणजे ठिपका, कुठं खाडाखोड नाही. त्या सेमीफायनलचं पान उघडून म्हणाले, चौदावी ओव्हर मोज. मी मोजली. सात बॉल. वाइड नाही, नो बॉल नाही, साधे सात बॉल लिहिलेत. चाळीस वर्षांत तेवढी एकच चूक. बाजूच्या टीमच्या स्कोअररनं पण पकडली नाही. मामा म्हणाले, त्या ओव्हरला मला तो दिसला, साइट स्क्रीनजवळ उभा होता.

मग मी विचारलं, आधी का नाही सांगितलं? म्हणाले, कुणाला सांगायचं होतं, तुझ्या आजोबांना का मंडळाला?

निपाणी_नाका
…

डॉक्टरीणबाई
भाचे, मामांना माझा नमस्कार सांग.

कॅम्पातला
मगाशी मी ‘रडायला जागा नाही’ असं वेल्ट्सबद्दल लिहिलं, हजारो मैलांवरच्या माणसाबद्दल. इथं दोन गल्ल्यांवर होतं.

शहापूरचे_आजोबा
मी परत आलो. पोरीनं पत्रिकेचं विचारलं तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. माझी बायको गेली तेव्हा महिनाभर घरात माणसं होती. मला चूल पेटवावी लागली नाही. रात्री कुणी ना कुणी झोपायला असायचं, मी एकटा राहू नये म्हणून. मी आज हिशेब करतोय की ती माणसं नसती आणि मला दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन हसावं लागलं असतं तर. मी दवंडी म्हणालो ते चुकलं. दवंडीशिवाय कडू घास येत नाही. एवढंच.

खानापूरची_पोर
आजोबा 🙏

अथणी_एक्स्प्रेस
माझा पोरगा शेजारी बसून वाचत होता. विचारतोय, पप्पा, सात बॉल का? मी सांगितलं. पहिल्यांदाच या विषयावर त्याच्याशी बोललो.

रिंगरोड_रायडर
पुढं वेल्ट्सचं काय झालं? सांगितल्यावर काढलं काय त्याला?

बॅकफूट
नाही. त्याच वर्षी फिनिक्स स्वतः सोडलं, जोडीदार कॅलिफोर्नियात होता म्हणून, आणि गोल्डन स्टेट वॉरियर्सचा प्रेसिडेंट झाला. २०१५, १७, १८, तीन टायटल त्याच्या काळात, सॅन फ्रान्सिस्कोत नवीन स्टेडियम २०१९ ला. २०१८ ला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव. २०२० ला लग्न पण केलं. २०२१ ला निवृत्त झाला होता, तिथून डल्लासनं परत बोलावला.

सीमेवरचा
म्हणजे सांगितल्यावर टीम जिंकायची थांबली नाही.

पिच_रिपोर्ट
माझ्या प्रश्नाकडं परत येतो. मी विचारलं होतं आपण काय करू. वाचता वाचता कळलं की प्रश्नच उशिरा विचारला, मामा चाळीस वर्षं आपलेच स्कोअरर होते आणि आपण काही केलं नाही, कारण आपल्याला काही सांगावं असं आपण कधी वागलोच नाही. मी स्वतः त्या रविवारी गप्प बसलो. हसणाऱ्याला ‘गप रे’ एवढं म्हणायला काय झालं होतं मला? काल फोन करून त्याला सांगितलं. थोडा वाद झाला. धागा पाठवलाय, वाचतोय.

मामाची भाची, एक विचारू? मामा अजून ग्राउंडवर येतात काय?

मामाची_भाची
गुडघे दुखतात म्हणून चार वर्षं गेले नाहीत. घरात टीव्हीवर मॅच लागली की वहीत लिहीत बसतात, कुठल्याही मागल्या पानावर.

पिच_रिपोर्ट
येत्या रविवारी आमची मॅच आहे. मी गाडी घेऊन येतो, दारातून नेतो, दारात सोडतो. खुर्ची सावलीत टाकतो. त्यांच्याकडं कुणी काही विचारणार नाही, त्यांना बोलायचं असेल तर बसून ऐकू. विचारून सांग.

अनगोळ_नाका
पिठलं-भात मी आणतो. आई करून देते म्हणाली. वीस वर्षं उशीर झाला खरं.

मामाची_भाची
विचारलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. आत्ता आतून आवाज देऊन विचारतायत, लेदर बॉल का टेनिस?

पिच_रिपोर्ट
लेदर. पंचवीस ओव्हर. पेन्सिल मी आणतो, दोन टोक करून.